पटावरची वीस अंकी संख्या

मंडळी, ही संख्या मोठ्याने वाचून बघा: १८४४६७४४०७३७०९५५१६१५.

वीस अंक आहेत. शाळेत शिकवलं तसे स्वल्पविराम दिले तर ती १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१५ अशी दिसते, पण तरीही जीभ अडखळतेच. बोलण्यात आपली गाडी कोटीपर्यंत जाते, अर्थसंकल्पाची बातमी असेल तर लाख कोटीपर्यंत. ही संख्या ओढूनताणून वाचायचीच झाली तर 'एक लाख चौऱ्याऐंशी हजार चारशे सदुसष्ट कोटी कोटी आणि वर बरंच काही' असं म्हणावं लागेल. निमंत्रणपत्रिकेतल्या 'कोटी कोटी प्रणाम' मधला कोटी कोटी इथे अक्षरशः खरा ठरतो.

भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त (इ. स. ११५०) एकापासून परार्धापर्यंत अठरा स्थानांची नावं आहेत. ती वापरली तर काम जरा सोपं होतं: १८४ परार्ध, ४ मध्य, ६ अंत्य, ७ जलधि, ४ शंकू, ४ महापद्म, निखर्वाच्या घरात शून्य, मग ७ खर्व, ३ अब्ज, ७ अर्बुद आणि पुढे कोटीच्या घरात पुन्हा शून्य. म्हणजे शेवटचं नाव जे परार्ध, तेही एकशे चौऱ्याऐंशी वेळा घ्यावं लागलं. जलधि आणि महापद्म हे शब्द कवितेत वाचलेले असतात, ते संख्यांची नावं म्हणूनही वापरात होते हे वाङ्मय मंडळाच्या अंकात नोंदवून ठेवायला हरकत नाही.

ही संख्या येते कुठून, ती गोष्ट बहुतेकांनी ऐकली असेल. बुद्धिबळाचा खेळ शोधणाऱ्या माणसाला राजाने विचारलं, काय हवं ते माग. तो म्हणाला, पटाच्या पहिल्या घरात गव्हाचा एक दाणा ठेवा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, असं प्रत्येक घरात दुप्पट करत चौसष्टाव्या घरापर्यंत जा. राजा हसला आणि नंतर त्याचे कारभारी घामाघूम झाले. अरबी ग्रंथकारांनी या शोधकाचं नाव सिस्सा असं दिलं आहे, आणि तेराव्या शतकातल्या इब्न खल्लिकानच्या चरित्रकोशात ही कथा सापडते. गोष्ट हिंदुस्थानातली असली तरी ती लिहून ठेवली ती मुख्यतः अरबी-फारसी लेखकांनी. कुणी गहू म्हणतं, कुणी तांदूळ. बेळगावकरांनी खुशाल बासमती घ्यावा, संख्या तीच राहते.

एकूण दाणे किती, हे चौसष्ट बेरजा न करता काढायची युक्ती अगदी घरगुती आहे. शेजाऱ्याकडून एक दाणा उसना आणा आणि पहिल्या घरातल्या दाण्यात मिसळा. झाले दोन. हे दोन दुसऱ्या घरातल्या दोनात मिसळले की चार. चार तिसऱ्या घरातल्या चारात, झाले आठ. प्रत्येक वेळी जमलेला ढीग पुढच्या घराएवढाच असतो. असं चौसष्टाव्या घरापर्यंत गेलात की हातात येतं ते पासष्टावं घर, जे पटावर नाहीच. ते म्हणजे २ चा ६४ वा घात. आता शेजाऱ्याचा दाणा परत करा. म्हणून आपली संख्या म्हणजे २ चा ६४ वा घात, वजा १.

ढीग केवढा होईल? गव्हाच्या हजार दाण्यांचं वजन साधारण ४० ग्रॅम धरू. पटाची पहिली ओळ, म्हणजे आठ घरं, २५५ दाण्यांत भरते. वजन दहा ग्रॅम, चिमणीचा घास. दोन ओळी भरल्या की ६५५३५ दाणे, अडीच किलोच्या वर थोडं. राजा इथवर हसतच असणार. अर्धा पट भरला की ४२९४९६७२९५ दाणे होतात, सुमारे १७२ टन. दहा टनी ट्रक असेल तर सतरा-अठरा खेपा. राजाच्या कोठारात एवढं निघेलही. पण पूर्ण पट भरायचा तर सुमारे ७३,८०० कोटी टन गहू लागतो. सगळ्या जगात आज वर्षाला साधारण ८० कोटी टन गहू पिकतो. म्हणजे आजच्या जगाने नऊशेहून जास्त वर्षं पोळी, ब्रेड, शिरा काही न खाता सगळं पीक त्या पटावर ओतायचं. माझ्या मते गोष्टीतला खरा धक्का अर्ध्या पटावर आहे. बत्तीस घरांपर्यंत हिशेब ट्रकात बसतो, आणि पुढच्या बत्तीस घरांत तो पृथ्वीवर बसत नाही.

हीच संख्या आणखी एका गोष्टीत येते, आणि तीही आपल्याकडेच घडवलेली आहे, म्हणजे परदेशात बसून. फ्रेंच गणितज्ञ एदुआर ल्युका याने १८८३ मध्ये 'हनोईचा मनोरा' हे कोडं विकायला काढलं. तीन खुंट्या, एका खुंटीवर लहान होत जाणाऱ्या चकत्या, एका वेळी एकच हलवायची, मोठी कधी लहानीवर ठेवायची नाही. त्याला जोडून कथा आली ती काशीच्या देवळाची: सोन्याच्या ६४ चकत्या, पुजारी रात्रंदिवस त्या हलवतात, आणि काम पुरं झालं की जगाचा अंत. असं कुठलंही देऊळ नाही हे सांगायला नको. पण ६४ चकत्यांना कमीत कमी चाली किती लागतात? बरोबर, १८४४६७४४०७३७०९५५१६१५. कारण खालची सर्वांत मोठी चकती हलवायची तर वरचा सगळा मनोरा एकदा दुसरीकडे न्यावा लागतो आणि नंतर पुन्हा तिच्यावर आणावा लागतो. म्हणजे प्रत्येक नव्या चकतीमागे चाली दुप्पट अधिक एक. सेकंदाला एक चाल धरली तर सुमारे ५८,४५० कोटी वर्षं लागतील. विश्वाचं आजवरचं वय साधारण १,३८० कोटी वर्षं. काळजीचं कारण नाही.

आता थोडं मंडळाच्या विषयाकडे येऊ. वृत्तांचा अभ्यास करताना आपण लघु-गुरू मांडतो. एका अक्षराच्या जागी दोनच पर्याय. म्हणून शार्दूलविक्रीडिताएवढी, म्हणजे १९ अक्षरांची ओळ घेतली तर लघु-गुरूच्या ५,२४,२८८ मांडण्या होतात आणि शार्दूलविक्रीडित ही त्यातली फक्त एक. अशा मांडण्या मोजायची रीत पिंगलाच्या छंदःसूत्रांत दिलेली आहे, आणि ती थक्क करणारी आहे. दोनाला पुन्हा पुन्हा दोनाने गुणत बसायचं नाही. अक्षरांची संख्या सम असेल तर निम्मी करा, विषम असेल तर एक वजा करा, आणि प्रत्येक वेळी खूण करून ठेवा. मग उलट्या क्रमाने या: जिथे निम्मं केलं होतं तिथे वर्ग, जिथे एक वजा केला होता तिथे दुप्पट.

६४ साठी हे करून बघा. ६४, ३२, १६, ८, ४, २, १: सहा वेळा निम्मं झालं, मग एक वजा. आता परत. एकाची दुप्पट २. मग सहा वेळा वर्ग: ४, १६, २५६, ६५५३६, ४२९४९६७२९६ आणि सहाव्या वर्गाला आपली संख्या, अधिक एक. चौसष्ट पायऱ्यांचं काम सात पायऱ्यांत. अल्-बेरूनीने इ. स. १००० च्या सुमारास बुद्धिबळाच्या दाण्यांचा हिशेब केला तोही असाच, वर्ग करत करत. १६, २५६, ६५५३६ ही नावं लक्षात ठेवा. त्यांच्यात एकेक मिळवला की एक वेगळंच नाटक सुरू होतं.

त्या नाटकाआधी संख्येचे अवयव पाडू. वीस अंकी संख्येचे अवयव म्हटलं की पोटात गोळा येतो. शेवटी ५ आहे म्हणून ५ ने भाग जाणार, हे दिसतंच. अंकांची बेरीज करा: ८७ येते. तिला ३ ने भाग जातो, ९ ने जात नाही. म्हणजे ३ एकदाच. (बेरीज करताना एक गंमत दिसेल. दोनाच्याच दुपटीतून जन्मलेल्या या संख्येत २ हा अंक एकदाही नाही. याला काही कारण नाही, नुसता योगायोग. पण ४ मात्र बरोबर चार वेळा.) पुढे मात्र शाळेतल्या कसोट्या संपतात.

इथे पट घडी घालायचा. कापडी पट असतो ना, तसा. पटाचा दुसरा अर्धा भाग पहिल्या अर्ध्यासारखाच आहे, फक्त प्रत्येक घरात ४२९४९६७२९६ पट दाणे आहेत: तेहतिसावं घर पहिल्याच्या तितके पट, चौतिसावं दुसऱ्याच्या तितके पट. म्हणून

पूर्ण पट = अर्धा पट × (१ + ४२९४९६७२९६) = अर्धा पट × ४२९४९६७२९७.

झाला एक अवयव. आता उरलेल्या अर्ध्या पटाची पुन्हा घडी. बत्तीस घरं म्हणजे सोळा घरं × ६५५३७. सोळा घरं म्हणजे आठ घरं × २५७. आठ घरं म्हणजे चार घरं × १७. चार घरं म्हणजे दोन घरं × ५. आणि दोन घरांत १ + २ = ३ दाणे. पट घडी घालून खिशात गेला आणि हातात हे उरलं:

१८४४६७४४०७३७०९५५१६१५ = ३ × ५ × १७ × २५७ × ६५५३७ × ४२९४९६७२९७.

कॅल्क्युलेटर नाही, बीजगणिताचं सूत्र नाही. वर्ग करताना आलेल्या २, ४, १६, २५६, ६५५३६ आणि ४२९४९६७२९६ या संख्यांत प्रत्येकी एक मिळवला की हे सहा अवयव.

या सहा संख्यांकडे १६४० च्या सुमारास पिएर द फर्मा टक लावून बघत होता. फर्मा पेशाने कायद्याच्या कामातला, न्यायमंडळातला अधिकारी. गणित फावल्या वेळातलं आणि ते बहुतेक पत्रांतून. ३ मूळ संख्या आहे. ५ आहे, १७ आहे, २५७ आहे. ६५५३७ ला २५६ पर्यंतच्या मूळ संख्यांनी भागून बघावं लागतं, कंटाळवाणं पण होण्यासारखं. तीही मूळ निघते. पाचच्या पाच. फर्माने पत्रांतून लिहिलं की असं वर्ग करत जाऊन एक मिळवत गेलं की प्रत्येक वेळी मूळ संख्याच मिळेल, असं आपल्याला वाटतं. सुरुवातीला त्याने आपल्याजवळ पक्की सिद्धता नाही हेही कबूल केलं होतं. पण श्रद्धा घट्ट होती. पाच उदाहरणं बरोबर आल्यावर सहावं चुकेल असं कुणाला वाटेल? आपणही परीक्षेत दोन उदाहरणं जुळली की 'याचप्रमाणे' लिहून मोकळे होतो.

सहावी संख्या म्हणजे ४२९४९६७२९७. ती मूळ आहे का हे आंधळेपणाने तपासायचं तर ६५ हजारांपर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागायला हवं, म्हणजे साडेसहा हजारांच्या आसपास भागाकार. बोरूने, कागदावर. जवळजवळ नव्वद वर्षं कुणी ते केलं नाही.

१७२९ च्या डिसेंबरात क्रिस्तियान गोल्डबाखने तरुण लेओनार्ड ऑयलरला पत्रात विचारलं: फर्माचं हे म्हणणं तुम्हाला ठाऊक आहे का? (१७२९ हे साल वाचून रामानुजनांची आठवण झाली असेल. पुन्हा योगायोगच.) ऑयलर तेव्हा बावीस वर्षांचा होता, सेंट पीटर्सबर्गला. आधी त्याने फारसा उत्साह दाखवला नाही, पण प्रश्न डोक्यात राहिला. १७३२ मध्ये त्याने अकादमीपुढे उत्तर ठेवलं:

४२९४९६७२९७ = ६४१ × ६७००४१७.

फर्माचा तर्क सहाव्याच पायरीवर कोसळला. आणि कोसळवणारा अवयव केवढासा, तीन अंकी! ऑयलरने साडेसहा हजार भागाकार केले नव्हते. पुढे एका लेखात त्याने कारण सिद्ध करून दाखवलं: या संख्येला भाग देणारी जी कुठली मूळ संख्या असेल, तिला ६४ ने भागलं तर बाकी १ च उरली पाहिजे. मग उमेदवार फार थोडे राहतात: १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१. पाचव्या प्रयत्नाला दार उघडतं. सगळ्यात चुटपुट लावणारी गोष्ट ही, की अशी चाळणी लावायला जे प्रमेय लागतं त्याचं मूळ फर्माचंच आहे. किल्ली त्याच्या खिशात होती, त्याने ती या कुलपाला लावून बघितली नाही.

६४१ ने भाग जातो हे भागाकार न करता पटवायची एक सुंदर वाट नंतरच्या गणितज्ञांनी काढली. चार ओळींची आहे, पेन घेऊन बसा. ६४१ दोन प्रकारे लिहिता येते:

६४१ = ५ × १२८ + १
६४१ = ६२५ + १६

आता असं समजा की आपल्या जगात ६४१ म्हणजे शून्य. ६४१ चा पूर्ण गुणाकार दिसला की तो पुसून टाकायचा. पहिल्या ओळीवरून, ५ × १२८ ही वजा एकासारखी वागते. तिचा चौथा घात करा: वजा एकाचा चौथा घात १. म्हणजे ६२५ गुणिले १२८ चा चौथा घात, हे १ सारखं. १२८ हा दोनाचा सातवा घात, म्हणून त्याचा चौथा घात म्हणजे दोनाचा २८ वा घात. दुसऱ्या ओळीवरून ६२५ ही वजा १६ सारखी वागते. ६२५ च्या जागी वजा १६ ठेवा. १६ म्हणजे दोनाचा चौथा घात, तो २८ व्या घाताला गुणला की दोनाचा ३२ वा घात. म्हणजे 'वजा दोनाचा ३२ वा घात' हे १ सारखं, आणि म्हणून दोनाचा ३२ वा घात अधिक एक हे शून्यासारखं. आणि शून्यासारखं म्हणजेच ६४१ ने नि:शेष भाग. दहा अंकी संख्येला हात न लावता तिचा अवयव सिद्ध झाला. मला विचाराल तर या संपूर्ण विषयातला हा सर्वांत देखणा प्रसंग.

६७००४१७ ही मूळ संख्या आहे. म्हणजे आपल्या वीस अंकी संख्येचे शेवटचे अवयव ठरले:

३ × ५ × १७ × २५७ × ६४१ × ६५५३७ × ६७००४१७.

सात मूळ संख्या, प्रत्येक एकदाच. त्यामुळे तिला पूर्ण भाग देणाऱ्या संख्या एकंदर १२८, तोही दोनाचाच घात.

आता तिच्या शेजाऱ्यांकडे बघू. वरचं घर १८४४६७४४०७३७०९५५१६१६, तिथे दोनाशिवाय कुणी राहतच नाही. त्याच्या वरचं घर, १८४४६७४४०७३७०९५५१६१७, म्हणजे फर्माच्या मालिकेतली सातवी संख्या. आपल्यापेक्षा फक्त दोनाने मोठी. पण इथे घडी घालायची सोय नाही. वजा एक असला की पट दुमडतो, अधिक एक असला की दुमडत नाही. ऑयलरनंतर जवळजवळ दीडशे वर्षं, १८८० मध्ये, ऐंशी ओलांडलेल्या फोर्त्युने लांद्री या फ्रेंच गणितज्ञाने तिचे अवयव प्रसिद्ध केले:

२७४१७७ × ६७२८०४२१३१०७२१.

लांद्रीच्या आधी, १८५५ मध्ये, डॅनिश वंशाच्या थॉमस क्लाउसनने गाउसला लिहिलेल्या पत्रात हेच अवयव दिले होते, पण ते पत्र लोकांच्या नजरेस फार उशिरा आलं. एक संख्या पट दुमडून दोन मिनिटांत फुटते, आणि तिच्या दाराशेजारची फुटायला गणितज्ञांच्या पिढ्या जातात. संख्येच्या आकारावरून ती किती हट्टी आहे हे कळत नाही.

फर्माचा तर्क चुकला, मग त्या पाच मूळ संख्या वाया गेल्या का? १७९६ च्या मार्चमध्ये अठरा वर्षांच्या कार्ल फ्रेडरिक गाउसला कळलं की फक्त पट्टी आणि कंपास वापरून सतरा बाजूंची सुसम आकृती काढता येते. ग्रीकांना त्रिकोण, पंचकोन आणि पंधरा बाजूंची आकृती जमत होती. त्यानंतर दोन हजार वर्षं त्यात भर पडली नव्हती. गाउसने पुढे दाखवलं की या पाच संख्यांपैकी कुठल्याही वेगवेगळ्या निवडून गुणल्या की तेवढ्या बाजूंची आकृती काढता येते. विषम बाजूंच्या इतर आकृत्या काढताच येत नाहीत, याची सिद्धता पिएर वांत्सेलने १८३७ मध्ये दिली. निवडीचे प्रकार ३१ होतात. सर्वांत मोठी निवड म्हणजे पाचही: ३ × ५ × १७ × २५७ × ६५५३७ = ४२९४९६७२९५. ओळखीची वाटते? अर्ध्या पटावरचे दाणे! विषम बाजूंची जी सर्वांत मोठी आकृती पट्टी-कंपासने काढता येते असं आज ठाऊक आहे, तिच्या बाजू बरोबर बत्तीस घरांतल्या दाण्यांएवढ्या. ती कुणी काढणार नाही, काढली तर वर्तुळच दिसेल. पण योहान गुस्टाफ हर्मेस नावाच्या जर्मन गृहस्थाने ६५५३७ बाजूंच्या आकृतीची कृती लिहायला दहा वर्षं घालवली. १८९४ चं ते हस्तलिखित गॉटिंगेन विद्यापीठात जपून ठेवलेलं आहे. याला वेड म्हणायचं की भक्ती, हे वाचकांनी ठरवावं.

आता खिशातला मोबाईल काढा. त्याचा प्रोसेसर बहुधा ६४ बिटचा असेल. बिट म्हणजे एक जागा, तिथे ० किंवा १. आपले लघु-गुरूच. अशा ६४ जागा असलेल्या कप्प्यात मावणारी सर्वांत मोठी पूर्ण संख्या म्हणजे सगळीकडे १ भरलेली, म्हणजे आपलीच १८४४६७४४०७३७०९५५१६१५. पूर्वीच्या कॉम्प्युटरांचे कप्पे ३२ जागांचे होते. त्यांची कमाल ४२९४९६७२९५, अर्धा पट. अर्ध्या पटाची ही टंचाई अजून भोवते आहे. इंटरनेटचे जुन्या पद्धतीचे पत्ते ३२ बिटचे, म्हणजे एकंदर सुमारे ४२९ कोटी, आणि जगाची लोकसंख्या आठशे कोटींच्या पुढे. वेळेचंही तसंच. अनेक जुन्या यंत्रणा १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद ३२ बिटच्या कप्प्यात मोजतात. त्यातला एक बिट अधिक-उण्यासाठी जातो, म्हणून मोजणी २१४७४८३६४७ ला संपते. तो क्षण भारतीय वेळेनुसार १९ जानेवारी २०३८ रोजी सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी येईल. न बदललेलं यंत्र त्यानंतर थेट १९०१ सालात जाईल. तुमच्यातले जे कॉम्प्युटर सायन्सला आहेत त्यांना तेव्हा नोकरीत दहा-बारा वर्षं झालेली असतील, आणि हे निस्तरायचं काम त्यांच्याच टेबलावर येण्याची शक्यता आहे.

६५५३७ तर रोज आपल्या उपयोगी पडते. बँकेचं संकेतस्थळ उघडलं की काही ब्राउझरांत पत्त्याशेजारी कुलपाचं चित्र दिसतं. त्यामागच्या कुलपांत आरएसए नावाची पद्धत फार वापरली जाते, आणि तिथे मजकूर संख्येत बदलून बहुतेक वेळा त्याचा ६५५३७ वा घात केला जातो. हीच संख्या का? कारण तिच्यात पिंगलाची रीत सर्वांत स्वस्त पडते: सोळा वेळा वर्ग आणि शेवटी एक गुणाकार, बस. आणि कुलूप टिकतं ते लांद्रीच्या अनुभवावर: दोन प्रचंड मूळ संख्यांचा गुणाकार करणं सोपं, पण गुणाकारावरून त्या शोधणं महाकठीण. आज वीस अंकी संख्या मोबाईलही डोळ्याचं पातं लवायच्या आत फोडतो, म्हणून बँका सहाशेहून जास्त अंकांच्या संख्या वापरतात. त्या निवडताना पटासारखी कुठे घडी पडणार नाही ना, हे बघावं लागतं. घडी पडली तर खात्यातले पैसे गेलेच.

फर्माच्या मालिकेचं काय झालं, ते राहिलं. ६५५३७ नंतर आजवर तिच्यात एकही मूळ संख्या सापडलेली नाही. दोनाचा ३२ वा घात अधिक एक ही ऑयलरने फोडली, ६४ व्या घाताची लांद्रीने. पुढे १२८ वा घात १९७० मध्ये, २५६ वा १९८० मध्ये, ५१२ वा १९९० मध्ये फुटला, तोवर कॉम्प्युटर हाताशी आले होते. काहींच्या बाबतीत ती मूळ नाही एवढं सिद्ध झालंय, पण एकही अवयव माहीत नाही. दार बंद आहे, आत दोघं आहेत हे नक्की, नावं कळत नाहीत, असा प्रकार. दोन या संख्येपासून बत्तीस वेळा वर्ग करून एक मिळवला, तिथपर्यंतच्या सगळ्या संख्यांचा निकाल लागला आहे: पहिल्या पाच मूळ, बाकी सगळ्या संयुक्त. तेहतिसाव्या वर्गानंतर येणारी संख्या २५८ कोटींहून जास्त अंकांची आहे. पानावर तीन हजार अंक बसवले तरी ती छापायला साडेआठ लाखांहून जास्त पानं लागतील. ती मूळ आहे की संयुक्त, हे अजून कुणालाही सांगता आलेलं नाही.